झाकण बसवून मगच विकायची

३ फेब्रुवारी
गाडी विकायचं ठरवलं. निर्णय सर्वस्वी माझा. बेबीने फक्त विषय काढला, गिऱ्हाईक शोधलं आणि तारीख नक्की केली. तेवीस, रविवार. गिऱ्हाईक जावईबापूंच्या ऑफिसातलं आहे. सज्जन आहे म्हणे.
काल परत जाताना बेबीने विचारलं, आई, तू रागावली नाहीस ना? मुलगी चाळिशीला आली, पण हा प्रश्न विचारताना तोंड अजून बालवाडीतलंच होतं. मी म्हटलं, रागवायचं काय त्यात? पत्र्याची वस्तू ती. जावईबापू म्हणाले, आई फार प्रॅक्टिकल आहेत. आहेच मुळी.
पार्किंगमधल्या खांबाचा विषय निघाला नाही. निघाला असता तर सांगणार होते की खांब चुकीच्या जागी आहे.

४ फेब्रुवारी, सकाळ
गाडी आतून साफ करायला घेतली. विकायची तर नीटनेटकी करून विकायची. आपल्या घरातून मोडकी वस्तू बाहेर जाता कामा नये.
ग्लव्ह बॉक्समध्ये ह्यांच्या पेपरमिंटचे कागद सापडले. प्रत्येकाची चौकोनी घडी. तसेच ठेवले. ग्लव्ह बॉक्स अगदी रिकामा बरा दिसत नाही.
ह्यांची पाठीची उशी मी बसायला घेते. एरवी मला बॉनेट दिसत नाही, आणि बॉनेट न दिसल्यामुळेच खांबाचं ते झालं. पण उशी घसरते. आज कायमचा बंदोबस्त केला. उशीला नाड्या आहेतच. एक सीटच्या मागून ओवली. दुसरीसाठी सीट आणि दाराच्या मधे, खाली, एक छोटासा दांडा आहे. कशाचा कोण जाणे. त्यावर काहीतरी पुसट चित्र आहे, पण चष्मा वर राहिला होता. बांधायला मात्र सोयीचा. गुडघ्याने उशी दाबून धरली आणि नाडी ताणून रीफ नॉट मारली.
ही गाठ कॉन्व्हेंटमध्ये गर्ल गाइड्सच्या सिस्टरने शिकवलेली. उजवी डावीवर, डावी उजवीवर. सिस्टर म्हणायच्या, मुलींनो, ही गाठ आपोआप कधीच सुटत नाही, आणि सोडायची म्हटलं तर एका झटक्यात सुटते. सिस्टर आज असत्या तर त्यांना फोटो पाठवला असता.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण उघडं दिसलं. तळहाताएवढं पत्र्याचं दार ते. दाबलं, परत बाहेर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. पंपावरच्या लोकांनी आपटून बिघडवलेलं असणार. बेबी महिन्यातून एकदा येते आणि टाकी भरून आणते. परवाही तिनेच नेली होती, आणि ती गाडीतून उतरत नाही, खिडकीतूनच बोलते. लक्ष कोण ठेवणार?
पेट्रोल हा ह्यांचा प्रांत होता. मी त्यात कधी पडले नाही. पण अशी कोणती मोठी गोष्ट आहे? उद्या दुरुस्त करते.

५ फेब्रुवारी
शिवणाच्या मशीनचं तेल बिजागरीत घातलं. आता अगदी अलगद उघडतं. बसत मात्र नाही.
प्रगती आहे.

७ फेब्रुवारी
सेलोटेप लावली. दिसायला बरं नाही, पण तात्पुरतं. भाजी घेऊन येईपर्यंत टिकली. पार्किंगमध्ये पाहिलं तर टेप लोंबत होती आणि तिला थोडा रंग चिकटला होता. रंग आधीच निघायला आला असणार.
बेबीचा फोन. झाकणाचं सांगितलं. म्हणाली, अगं राहू दे, ते बघतील त्यांचं ते. मी म्हटलं, मुळीच नाही. झाकण बसवून मगच विकायची. हे वाक्य चांगलं वाटलं म्हणून पुन्हा एकदा म्हटलं. जावईबापूंनाही सांगायला सांगितलं.

८ फेब्रुवारी
फ्रिजवरचा पोपटाचा मॅग्नेट झाकणावर लावला. मी विज्ञान शिकवलं आहे, आठवीपर्यंत. चुंबकत्वावर माझा विश्वास आहे.
लायब्ररीला जाऊन आले. पोपट नाही. परतीच्या रस्त्याने हळूहळू गाडी चालवत शोधला. मागच्यांनी बरेच हॉर्न वाजवले. लोकांना हल्ली धीर नाही.

१० फेब्रुवारी
खालचे इंजिनिअरसाहेब पार्किंगमध्ये भेटले. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले. झाकणाकडे लांबून पाहिलं, मग जवळून, मग एक डोळा मिटून. म्हणाले, वहिनी, हा अलाइनमेंटचा प्रश्न आहे. मी म्हटलं, मला वाटलंच होतं. मला वाटलं नव्हतं. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेची घडी घालून फटीत बसवली. आणि झाकण बंद राहिलं! आम्ही दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.
मग त्यांनी ती घडी काढून घेतली, कारण मागच्या बाजूला शब्दकोडं होतं आणि ते सोडवायचं राहिलं होतं.
झाकण उघडलं.

११ फेब्रुवारी
पकड घेऊन लॅचची जीभ थोडी आत वाकवली. थोडीच. आता झाकण बसण्याचा प्रयत्नसुद्धा करत नाही.
वन्संचा फोन आला. त्यांना कसं कळतं देव जाणे, पण कळतं. म्हणाल्या, आमचा दादा असता तर एका मिनिटात केलं असतं हो. मी हो हो म्हटलं. दादांनी एका मिनिटात काय केलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. वर्तमानपत्र पसरलं असतं. त्यावर स्क्रू-ड्रायव्हर ओळीने मांडले असते. मग चहा मागितला असता. मग त्याच पेपरातली जुनी बातमी वाचत बसले असते. स्वयंपाकघरातला नळ बेबीच्या दहावीत गळायला लागला, तो ती कॉलेजात गेली तेव्हा थांबला. तोही प्लंबरने थांबवला.
नळ गळायचा तेव्हा झोप छान लागायची, ती गोष्ट वेगळी.

१३ फेब्रुवारी
मेकॅनिककडे नेली. मदतीसाठी नाही. दुसरं मत असावं म्हणून.
पहिलाच प्रश्न त्याने विचारला, ही जीभ कोणी वाकवली? मी म्हटलं, पंपावर, बहुधा. त्याने ती सरळ केली. मग ड्रायव्हरच्या सीटवर धपकन बसला, एक पाय बाहेर, आणि म्हणाला, काकू, जरा मागे जाऊन दाबा बरं. दाबलं. खट्. बसलं! पुन्हा ओढून पाहिलं, हलेना. म्हणाला, झालं की. ह्याला काही धाड भरलेली नाही. तो उतरला, मी बसले, निघाले.
एवढं सोपं होतं तर मीसुद्धा केलं असतं. नव्हे, जवळजवळ केलंच होतं.
घरी आले. उतरले. मागे जाऊन पाहते तर झाकण उघडं.

१४ फेब्रुवारी
मेकॅनिककडे परत. तो पुन्हा सीटवर बसला, मी पुन्हा दाबलं. खट्. त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, काकू, खरंच बिघडलं की आणा. बाकीचे लोक ऐकत होते.
हा मेकॅनिक बदलायला हवा. उद्यापासून स्वतः शास्त्रशुद्ध निरीक्षण. घाईने केलेले उपाय बंद.

१५ फेब्रुवारी
निरीक्षण पहिलं. काल मेकॅनिककडून निघताना झाकण बंद होतं, हे मी स्वतः हाताने चाचपून पाहिलं होतं, तो सीटवर असताना. वाटेत कुठेच उतरले नाही. मग उघडलं कधी?
पंपावर गेले. आयुष्यात पहिल्यांदा एकटी. पंपावरचा माणूस म्हणाला, काकू, झाकण उघडंच आहे तुमचं. मी म्हटलं, मुद्दाम ठेवलं आहे. त्याने पेट्रोल भरलं, झाकण दाबलं. खट्. मी आपली सीटवरच बसून.
मग लायब्ररी. गाडी लावली, उतरले. पाठमोरी असतानाच आवाज आला.
टक्.
वळून पाहिलं. झाकण उघडं.

१६ फेब्रुवारी
बेकरीपाशी उतरले. टक्. केमिस्टपाशी उतरले. टक्. बँकेपाशी उतरले, बँक बंद होती, तरी उतरले. टक्.
मधल्या काळात मी आत बसून रस्त्यावरच्या कुणालातरी झाकण दाबायला सांगते. लोक हसून दाबतात. बेकरीवाल्याने तर पाव हातात घेऊनच दाबलं.
निष्कर्ष: मी गाडीत असेपर्यंत झाकण बसतं. मी उतरले की उघडतं. कारण अज्ञात. उष्णतेने पत्रा प्रसरण पावत असावा. सकाळी ऊन नव्हतं, पण असावा.

१७ फेब्रुवारी
एक गोष्ट नोंदवून ठेवते. हिचा विषयाशी संबंध नाही.
मी शिकवत होते तेव्हा हे मला शाळेच्या फाटकाशी सोडायचे. मी उतरून चार पावलं गेले की स्टिअरिंगवर अंगठी एकदा वाजवायचे. टक्. म्हणजे, पोचलीस, मी निघतो. हात हलवणं त्यांना जमायचं नाही. लोक बघतात, म्हणायचे. मी एकदा विचारलं होतं, मग हॉर्न का नाही वाजवत? तर म्हणाले, हॉर्न सगळ्यांना ऐकू जातो.
अंगठीचा आवाज अगदी असाच होता असं नाही. ती सोन्याची, हे पत्र्याचं. धातू वेगळा, नाद वेगळा. सातवीच्या पुस्तकात आहे.
उद्या परत दुरुस्तीला लागते.

१८ फेब्रुवारी
आज दुरुस्ती जमली नाही, बाहेर कामं होती. लायब्ररी, टेलर, पुन्हा लायब्ररी. लायब्ररीतली मुलगी म्हणाली, मॅडम, काही विसरलात का? मी म्हटलं, नाही, चाचणी चालू आहे. ती म्हणाली, कसली? मी म्हटलं, गाडीची. तिने खिडकीतून गाडी पाहिली. मग माझ्या पुस्तकावर शिक्का मारला. गुणी मुलगी आहे.

१९ फेब्रुवारी
झाकण उघडल्यावर मी आज 'हो, येते' असं म्हणाले. मोठ्याने नाही. आवाजाच्या लहरींचा पत्र्यावर काही परिणाम होतो का हे पाहायचं होतं.
झाला नाही.
इंजिनिअरसाहेब मागेच उभे होते. कुणाशी बोलताय वहिनी? फोनवर, मी म्हटलं. माझ्या दोन्ही हातांत भाजी होती.

२० फेब्रुवारी
बेबीचा फोन. झालं का झाकण? काम चालू आहे, म्हटलं. अगं, चार रुपयांचं झाकण ते. मी म्हटलं, बेबी, प्रश्न झाकणाचा नाही, तत्त्वाचा आहे. मग म्हणाली, आई, तुला खरंच विकायची आहे ना? नसेल तर तसं सांग. आत्ता सांग.
मी म्हटलं, कमाल आहे. मीच तर ठरवलं.
खरं सांगायचं तर मी बेबीचाच विचार करते आहे. खांबाचं झाल्यापासून तिची झोप उडाली आहे. मी बाहेर पडले की पोचल्याचा फोन कर म्हणते. फोन करायचं माझ्या लक्षात राहत नाही. उगीच तिला घोर नको. शिवाय मला गाडीची तशी काही गरज नाही. आज टेलरकडे जाऊन आले. टेलरकडे काही काम नव्हतं.

२२ फेब्रुवारी
उद्या गिऱ्हाईक.
फार विचार केला. झाकण दुरुस्त होण्यातलं नाही हे आता सिद्ध झालं आहे. तेल, टेप, चुंबक, इंजिनिअर, मेकॅनिक. सगळे उपाय करून झाले. दोष लपवून वस्तू विकणं माझ्याने होणार नाही. त्या सज्जन माणसाला स्पष्ट सांगणार की बाबा रे, हे झाकण दर वेळी उतरलं की उघडतं, आयुष्यभर उघडणार. मग त्याला गाडी नको असेल तर माझा इलाज नाही. आणि झाकण बसवून मगच विकायची हे माझं वाक्य सगळ्यांना माहीत आहेच. बसत नाही, तर विकता येत नाही. साधं तर्कशास्त्र.
वाईट वाटतं. पण प्रामाणिकपणाला किंमत मोजावी लागते.
रात्री जेवण जास्त गेलं.

२३ फेब्रुवारी, दुपार
बेबी, जावईबापू आणि गिऱ्हाईक असे तिघे आले. गिऱ्हाईक खरंच सज्जन आहे. आणि फार उंच आहे. इतका उंच माणूस ऑफिसात काय करतो कळत नाही.
मी आधी झाकणाचं सांगितलं. सविस्तर. तो म्हणाला, हरकत नाही काकू, बघू या. आत बसला तर डोकं छताला लागलं. मान वाकडी करून म्हणाला, ही उशी काढली तर चालेल का? बेबी म्हणाली, हो हो, थांबा. ती खाली वाकली. मी म्हटलं, तुला जमायचं नाही, रीफ नॉट आहे. तिने नाडीचं एक टोक झटकन ओढलं. सुटली.
मी झाकण दाबून बसवलं, आणि तो एक चक्कर मारून आला. मी बेबीला म्हटलं, आता ऐक हं. तो उतरला.
आवाज आला नाही.
मी म्हटलं, जरा परत बसता का? बसला. झाकण तपासलं, बंद होतं. आता उतरा. उतरला. आणखी एकदा, म्हटलं. तो बसला, उतरला, बसला, उतरला. जावईबापू आकाशाकडे पाहत होते. मी म्हटलं, मी स्वतः बसून बघते. बसले. समोर नुसतं स्टिअरिंग दिसत होतं. उतरले. चार पावलं चालले.
काहीच नाही.
बेबी तिथेच उभी होती, उशी छातीशी धरून. नाडी लोंबत होती. तिने नाडीकडे पाहिलं. मग सीटच्या बाजूला खाली पाहिलं. मग वाकून तो दांडा एका बोटाने वर ओढला.
टक्.
झाकण उघडलं. बेबीने मागे जाऊन ते हाताने दाबलं. खट्. बसलं.
मी विज्ञान शिकवलं आहे. तरफ हा धडा दर वर्षी शिकवला. टेकू, बल, भार. फळ्यावर आकृती काढायचे, मुली वहीत काढायच्या. वजन असेल तर उशी दबते आणि नाडी सैल. उतरलं की उशी फुगते आणि नाडी ताणली जाते. गाठ उत्तम होती, म्हणूनच. सैल मारली असती तर काहीच झालं नसतं.
बेबी हळूच म्हणाली, आई. नुसतं आई. मग गिऱ्हाइकापासून बाजूला नेऊन म्हणाली, हे बघ, मी त्यांना नाही म्हणून सांगू शकते. काहीतरी कारण सांगते. ठेवायची आहे का तुला गाडी? खांबाचं आपण बघू काहीतरी. तिचा हात माझ्या दंडावर होता. तिलाही ती गाडी बाबांचीच.
पलीकडून जावईबापू मोठ्याने म्हणाले, वा, आईंनी झाकण बसवूनच दाखवलं!
सगळे माझ्याकडे पाहायला लागले.
मी म्हटलं, ठेवायची कशाला? बसलं ना झाकण. मी काय म्हटलं होतं?
गिऱ्हाइकाने लगेच होकार दिला. म्हणाला, गाडी फार जिवापाड सांभाळलेली दिसते.
पेपरमिंटचे कागद काढून घ्यायचे राहिले. बेबीने काढले होते. जाताना माझ्या हातात दिले, घड्या न मोडता.

२ मार्च
गाडी काल गेली. तो उंच माणूस घेऊन गेला. फाटकातून वळताना त्याने हात हलवला, काचेतून, चांगला जोरात. सगळ्या बिल्डिंगने पाहिला असेल. मीही हलवला.
एकंदरीत प्रकरण समाधानकारक पार पडलं. बेबी आता निवांत झोपते. पार्किंगची जागा इंजिनिअरसाहेबांना हवी होती, त्यांना दिली. खांब आता त्यांचा.
आजपासून लायब्ररीला चालत. तब्येतीला उत्तम. दारात पोचल्यावर जरा थांबले, दम लागला होता म्हणून. आतली मुलगी म्हणाली, मॅडम, आज एकदाच?
उशी जेवणाच्या टेबलाशी माझ्या खुर्चीवर ठेवली आहे. घसरू नये म्हणून नाडी खुर्चीच्या पायाला बांधली. उजवी डावीवर, डावी उजवीवर. गुडघ्याने दाबून, ताणून.
बसले. उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. चार पावलं जाऊन पाहिलं.
उशी अजिबात घसरत नाही.